रिकामी चोच

माणसाला रिकामपण आले की तो पत्ते कुटतो, कुणाची तरी उणीदुणी काढतो, नाहीतर दिवाळी अंकासाठी लेख लिहितो. कोंबडीला यांतले काहीच जमण्यासारखे नसल्यामुळे ती शेजारणीची पिसे उपटते. हे मी केवळ विनोदासाठी म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या परसात ही गोष्ट इतकी हातघाईवर आली, की एका कोंबडीचा जीव राहतो की जातो आणि दुसरीचा रविवारी रस्सा होतो की नाही, या दोन प्रश्नांवर घरात पंधरा दिवस खल चालला होता.

मी पेशाने मराठीचा प्राध्यापक. वर्गात ‘डालणे’ हे क्रियापद आले की मुले एकमेकांकडे बघतात. मग कोंबडीवर पालथी टोपली कशी घालतात ते हातवारे करून दाखवावे लागते. ‘खुडूक’ हा शब्द तर शहरातली मुले हल्ली माणसांनाच लावतात. तो मुळात अंडी उबवायला बसून राहिलेल्या कोंबडीचा, हे सांगितले की त्यांना माझी कीव येते. एवढाच माझा कोंबड्यांशी संबंध होता. तो वाढला आईमुळे. वडील गेल्यानंतर दोन वर्षे ती लांज्याजवळच्या गावी एकटीच राहिली आणि गेल्या फाल्गुनात एकदाची आमच्याकडे रत्नागिरीला राहायला आली. येताना तिने पितळेचा हंडा, वडिलांचा फोटो आणि डालग्यात घालून चार गावठी कोंबड्या आणल्या. एस्टीच्या कंडक्टरने डालग्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारले, तेव्हा तिने “माणसं आहेत ती आमची,” असे उत्तर दिल्याचे ती अजून सांगते. त्यावर कंडक्टरने चार तिकिटे का फाडली नाहीत, हे मात्र ती सांगत नाही.

घर आमचे गावाच्या कडेला आहे. मागे जांभ्याच्या गडग्याने वेढलेले लहानसे परसू, त्यात दोन माड, एक शेवगा आणि धुण्याचा दगड. तिथे सहा फूट लांब आणि पाच फूट रुंद असे पत्र्याचे खुराडे बांधून घेतले. आक्का, कवडी, काळी आणि बुटकी अशी या चौघींची नावे. आक्का तांबडी, उंच मानेची आणि चालीत ठसका असलेली; आमच्या कॉलेजातल्या एका निवृत्त मुख्य लेखनिकांची मला तिच्याकडे पाहून नेहमी आठवण येते. वैशाखात मुलांच्या हट्टाखातर तीन गिरिराज तलंगा आणल्या. गिरिराज ही बंगळूरला तयार झालेली, परसात पाळण्याजोगी रंगीत जात. अंगाने गावठीच्या दीडपट. त्यांतली सर्वांत शांत, पिवळसर पिसांची, ती शेवंता.

नव्या कोंबड्या जुन्यांत कशा सोडाव्यात याचे आईचे शास्त्र पक्के होते. दिवसाढवळ्या सोडायच्या नाहीत. रात्री अंधारात सगळ्या दांड्यावर बसल्या की अलगद शेजारी ठेवायच्या. आणि एकटी कधीच आणायची नाही, निदान दोन तरी हव्यात, म्हणजे मार वाटला जातो. या शास्त्राने पहिली सकाळ तेवढी गडबडीची गेली. त्या सकाळी मी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसलो आणि तासभर हललो नाही. आक्काने तिघी नव्या तलंगांना एकामागून एक समोर घेतले, मान फुगवली आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नेमकी एक चोच दिली. तिघींनी माना खाली घातल्या. मग कवडी पुढे आली, मग काळी, शेवटी बुटकी. अंगाने दीडपट असलेल्या त्या तलंगा वाटीएवढ्या बुटकीपुढेही दबल्या, कारण घर बुटकीचे होते. चार-पाच दिवसांत सगळे ठरून गेले. दाण्याला आधी कोण, दांड्याची वरची जागा कुणाची, पाण्याच्या थाळीपासून कुणी कुणाला पाहून बाजूला व्हायचे, हे पुन्हा विचारायची कुणाला गरज उरली नाही.

या रीतीचा शोध लावणारा माणूस नॉर्वेचा. थोर्लेफ शेल्डेरूप-एबे (१८९४–१९७६) याला लहानपणापासून कोंबड्यांचा नाद. कोण कुणाला टोचते, याच्या नोंदी तो वर्षानुवर्षे करीत राहिला आणि १९२२ साली त्यावर त्याने जर्मन भाषेत निबंध प्रसिद्ध केला. माणसांच्या कचेऱ्यांतही आज सर्रास बोलली जाणारी ‘टोचण्याची उतरंड’ ही कल्पना त्या खुराड्यातून बाहेर पडली. त्याला असे दिसले की कळपातल्या कोणत्याही दोघींमध्ये टोचणारी कोण आणि टोचून घेणारी कोण हे एकदा ठरते आणि बहुधा ठरलेलेच राहते. यातली गंमत अशी की ही उतरंड प्रत्येक वेळी सरळ नसते; पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी उलट पहिलीला, असे त्रिकोणही तिच्यात सापडतात. ज्यांनी कॉलेजची स्टाफरूम पाहिली आहे त्यांना या त्रिकोणाचे नवल वाटणार नाही.

एकदा उतरंड ठरली की मारामारी कमी होते. आमच्याकडेही वैशाख आणि अर्धा ज्येष्ठ अगदी शांततेत गेला. मग पाऊस लागला.

रत्नागिरीचा पाऊस म्हणजे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वरचा कारभार. आषाढात तो आठ-आठ दिवस उसंत देत नाही. परसात घोटाभर पाणी, गडग्यावर शेवाळ. कोंबड्या दारापर्यंत येत, एक पाय वर धरून बाहेर बघत आणि परत फिरत. सात कोंबड्या, तीस चौरस फूट जागा आणि उजाडल्यापासून मावळेपर्यंत करण्यासारखे काहीही नाही. सकाळी कण्या टाकल्या की त्या पाच मिनिटांत संपत, आणि पुढचे अकरा तास पन्हळीचा आवाज ऐकत काढायचे.

आषाढाच्या दुसऱ्या आठवड्यात धाकटी दूध पिता पिता मागे गेली आणि किंचाळत परत आली. शेवंताच्या पाठीवर, शेपटीच्या बुडाशी, तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. पिसे तर नव्हतीच, पण कातडीही दोन ठिकाणी फाटून रक्त आले होते. ती कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उभी होती. भिंतीकडे तोंड केले म्हणजे पाठ मोकळी राहते, हे बिचारीला कोण सांगणार? आणि रक्त दिसल्याबरोबर बाकीच्या तिच्याभोवती जमल्या होत्या. कोंबडीला तांबड्या रंगाची विलक्षण ओढ असते. रक्ताचा एक ठिपका दिसला की जिचा या भांडणाशी काही संबंध नाही तीही येऊन चोच मारून जाते. अशी जखम वेळीच झाकली नाही तर संध्याकाळपर्यंत कोंबडी खलास होते. आईने पदर खोचला, शेवंताला उचलून न्हाणीत आणले, कोमट मिठाच्या पाण्याने जखम धुतली आणि तिला डालग्याखाली ठेवले.

घरात खटला उभा राहिला. त्या दिवशी आमच्याकडे मामा आले होते. त्यांनी खुराड्याकडे एकदा पाहिले, आक्का कुणाच्या तरी डोक्यावर चोच मारीत होती ते पाहिले, आणि निकाल दिला : “ही तांबडी दांडगी आहे. हिला ठेवलीत तर सगळ्या मारील. रविवारी मी येतो, मसाला वाटून ठेवा.” शेजारचे एक गृहस्थ पूर्वी मोठ्या पोल्ट्रीवर हिशेबाला होते. त्यांचे म्हणणे, चोच कापा. पिल्लू असतानाच तापल्या पात्याने चोचेचे टोक उडवतात, म्हणजे पुढे कटकटच राहत नाही. यावर आई म्हणाली, “जेवते त्याच हातावर पातं ठेवायचं होय? मग दाणा कशानं टिपील ती?” चोचेच्या टोकाला नखासारखे निर्जीव न समजता बोटासारखे समजावे, इतक्या नसा तिथे असतात; तेव्हा आईचा हात हा शब्द अगदीच अलंकारिक नव्हता. आणखी एका हितचिंतकाने कोंबडा आणा असे सुचवले, कारण कोंबडा असला की बायकांची भांडणे मिटतात. हे सौ.च्या देखत बोलायला नको होते. वास्तविक कोंबडा दोघींच्या मध्ये पडून भांडण सोडवतो हे खरे आहे. पण पहाटे चारला आरवणारा न्यायाधीश शेजाऱ्यांना परवडणारा नव्हता. आक्का तर आईची लाडकी, वडिलांच्या हातचे दाणे खाल्लेली. मामांच्या निकालावर आई काही बोलली नाही, पण त्या रात्री ती जेवलीही नाही.

या सगळ्यात उपयोगाचे काम केले ते धाकटीने. सहावीत आहे. शाळेला पावसाची सुट्टी मिळाली, तेव्हा ही मागच्या पडवीत पाट टाकून वही घेऊन बसली आणि कोण कुणाला टोचते त्याच्या रेघा मारू लागली. तिला नॉर्वेच्या गृहस्थांची गोष्ट मीच सांगितली होती. पण माझा समज होता की मुले माझे ऐकत नाहीत. तीन दिवसांनी तिने वही माझ्यापुढे टाकली. आक्काच्या नावापुढे रेघा बऱ्याच होत्या, परंतु त्या सर्वांवर ‘डो’ लिहिले होते, म्हणजे डोक्यावर. एक टोच, दुसरी दूर झाली, संपले. बुटकीच्या नावापुढे मात्र ‘पा’, ‘पा’, ‘पा’ अशी रांग लागली होती. बुटकी मागून येते, भांडत नाही, मान फुगवत नाही, ओरडत नाही. हलकेच पाठीचे एक पीस धरते, ओढते आणि गिळून टाकते. शेवटच्या दिवशी काळीच्या नावापुढेही दोन ‘पा’ आले होते.

वही घेऊन मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. गाईम्हशींच्या गर्दीत कोंबडीची वही घेऊन आलेला प्राध्यापक पाहून त्या हसतील असे वाटले होते. त्यांनी ती वही अक्षरन् अक्षर वाचली. “सर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत,” त्या म्हणाल्या. “डोक्यावरची टोच हा मानापानाचा कारभार, तो तुम्ही काय, मीही बंद करू शकत नाही. पण पिसं उपटणं हे भांडण नव्हेच. तो दाणा शोधणं आहे. जमिनीत उकरायला काही नाही म्हणून चोच पाठीवर चालते. आणि हे दुसऱ्या बघून शिकतात. ती काळी शिकायला लागली आहे, उद्या सगळ्या शिकतील.”

हे ऐकून मला एकदम हलके वाटले. मराठीच्या मास्तराला जगात जिकडे तिकडे रूपके दिसतात. खुराड्यात बळी, जुलूम, सत्ता असले सगळे शब्द माझ्या मनात केव्हापासून पंख फडफडवीत होते. डॉक्टरीणबाईंनी ते एका वाक्यात डालून टाकले. बुटकी कुणावर जुलूम करीत नव्हती. तिची चोच रिकामी होती. १९८० नंतरच्या दशकात हॉलंडातल्या संशोधनाने हेच पुढे आणले आहे : जमीन टोचण्याची वाट बंद झाली की ती टोच पिसांकडे वळते. शेवंताला या खुलाशाने बरे वाटण्याचे कारण नव्हते, तो भाग वेगळा.

घरी येऊन आईला सांगितले, तर ती म्हणाली, “हे मला कुणी विचारलं असतं तर मीही सांगितलं असतं. अरे, गावात त्यांना मरायला फुरसत नव्हती.” आणि मग तिने गावच्या कोंबडीचा दिवस सांगितला. उजाडताच उकिरडा. तो उकरून झाला की गोठ्यातल्या शेणाखालचे किडे. मग आजीचे कांडण असायचे, तिच्या पायाशी तुसातले दाणे. दुपारी फणसाखालच्या पातेऱ्यात खाजखुज, उन्हात राखेत लोळण. कुणी वारुळाचा तुकडा आणून आपटला की वाळवीसाठी धावाधाव. भर पावसातही माळ्याखालची ओटी, लाकडांची रास, गोठा, अशा चार कोरड्या जागा आणि प्रत्येक जागी काहीतरी टिपायला. सांगता सांगता आई इतकी रंगली की दिवे लागले तरी उठली नाही. रत्नागिरीला आल्यापासून ती एका दमात एवढे बोलल्याचे मला आठवत नाही.

कोंबडीचे हे उकरणे काही गावठी खोड नाही. ते तिच्या हाडात आहे. तिचा मूळपुरुष लाल रानकोंबडा. तो जागेपणीचा बहुतेक वेळ पायाने पालापाचोळा उडवीत आणि जमीन टोचीत घालवतो. हा लाल रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला नव्हे; आपल्याकडे असतो तो राखी रानकोंबडा. पण त्याचाही कोंबडीवर थोडा हक्क आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले की पाळीव कोंबडीच्या पायांना जो पिवळा रंग येतो, त्याचे बीज या राखी रानकोंबड्याकडून आले आहे. बुटकीचे पाय हळदीने रंगवल्यासारखे पिवळे आहेत. म्हणजे आंब्याच्या घाटातल्या कुठल्याशा पाहुण्याची ती दूरची नातलग. तिला तीस चौरस फुटांत कोंडून पन्हळीचा आवाज ऐकवायचा, आणि तिने सभ्यपणाने वागावे अशी अपेक्षा करायची!

कामाला लागलो. जागेचा हिशेब डॉक्टरीणबाईंनी सांगितला होता : रात्री निजायला एका कोंबडीमागे चार चौरस फूट पुरतात, दिवस काढायला दहा तरी हवेत. खुराड्याला लागून बांबू उभे केले, त्यावर ताडपत्री ताणली आणि दहा फूट बाय आठ फुटांचा मांडव घातला. भर पावसात मांडव घालणाऱ्या माणसाकडे आळीतले लोक कोणत्या नजरेने बघतात त्याचे वर्णन करीत नाही. लग्न कुणाचे, असे तिघांनी विचारले. जमीन दोन बोटे उंच करून घेतली, भोवती चर खणला. मग प्रश्न आला पातेऱ्याचा. आषाढात कोरडा पातेरा म्हणजे वैशाखात बर्फ. पण आईला ठाऊक होते की पलीकडच्या वाडीत एका म्हाताऱ्याने भाजावळीचा उरलेला पातेरा पडवीत रचून ठेवला आहे. ही बातमी तिला घरात बसून कशी कळली होती कोण जाणे. तिने मला दोन पोती घेऊन पाठवले. वर भाताचे तूस टाकले आणि त्या सगळ्यात मूठभर भात आणि मूठभर नाचणी उधळली.

पहिल्या दिवशी त्या सात जणींनी काय केले ते पाहण्यासारखे होते. आक्का आधी उतरली. एक पाय मागे, दुसरा मागे, मान खाली, चोच आत. मग सगळ्या. पूर्वी पाच मिनिटांत संपणारे दाणे आता दुपारपर्यंत पुरू लागले, कारण ते शोधावे लागत. धाकटीच्या वहीत त्या सकाळी ‘पा’ची एकच रेघ पडली.

पण एका उपायाने भागेल अशी ही जात नाही. खाण्याच्या दोन थाळ्या केल्या, पाण्याच्या दोन, आणि त्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवल्या. नाहीतर आक्का एका थाळीपाशी उभी राहून साऱ्या राज्याचे पाणी तोडते. एक जुना दरवाजा भिंतीला तिरका टेकवून ठेवला. हा आमचा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा उपाय. मार खाणारीला पळायला नुसती जागा असून पुरत नाही. मारणारीच्या नजरेआड जायला आडोसा लागतो. नजरेआड झाली की आक्काही तिला विसरते. मोडकी शिडी आडवी-तिरपी लावून वेगवेगळ्या उंचीवर बसायची सोय केली. फुटक्या घमेल्यात चुलीची राख आणि कोरडी माती घातली. तिच्यात लोळून पिसांतली ऊ-पिसू झटकायची हे कोंबडीचे अभ्यंगस्नान, आणि त्यासाठी त्यांना दिवाळीची वाट पाहावी लागत नाही.

फसलेले उपायही सांगतो. थोरल्याने कुठेतरी वाचून जुना आरसा टांगला. आक्काने त्यात आपल्याइतकीच उद्धट कोंबडी पाहिली आणि दिवसभर तिच्याशी वैर मांडले; संध्याकाळी आरसा काढावा लागला तेव्हा तिचा तुरा लालबुंद झाला होता. कोबीचा गड्डा सुतळीने मानेच्या उंचीवर टांगला. तो हलतो, टोचला की फिरतो, त्यामुळे चार दिवस कौतुक झाले. पाचव्या दिवशी तो नुसता कोबी उरला. मग आईने वार लावले. सोमवारी माठाची जुडी, बुधवारी दुधीची साल दोरीत ओवून, शुक्रवारी शेवग्याचा पाला, मधूनच वारुळाचा तुकडा. कोंबड्यांना वार कळतात असे ती म्हणते. मला तसे वाटत नाही; पण आईला वार लागले होते एवढे खरे. पूर्वी सकाळी नऊनंतर ती खिडकीपाशी बसून असे. आता नऊ वाजता ती मला कॉलेजात जाताना बजावते, की येताना मंडईतून भाजीवाल्यांनी टाकलेला पाला आण, आणि कालच्यासारखा किडका आणू नकोस, मग स्वतःच दुरुस्ती करते, “किडका आण, किडका. त्यांना तोच हवा.”

खाण्याचीही तपासणी झाली. पिसे गिळते म्हणजे अंगाला काहीतरी कमी पडते, असे डॉक्टरीणबाईंचे म्हणणे. अंडी घालणाऱ्या कोंबडीच्या खाण्यात शंभरात सोळा भाग तरी प्रथिने हवीत. नुसत्या कण्यांत ती निम्मीच भरतात. गावी हा तोटा किडे-वाळवी भरून काढीत. इथे बाजारचा भरडा सुरू केला, वर जवळ्याचा चुरा आणि कवचासाठी शिंपांचे कूट. जवळा जास्त झाला की अंड्याला वास मारतो. एका रविवारी सौ.ने आम्लेट करून माझ्यापुढे ठेवले आणि विचारले, “बोंबलाचं कालवण आणखी हवं का?” तेव्हापासून तो चिमटीने घालतात.

राहिली शेवंता. जखमेवर दवाखान्यातले जेन्शन व्हायोलेट लावले. औषध म्हणून ते चांगलेच. पण मुख्य म्हणजे तांबडा रंग त्याखाली लपतो. जांभळ्या पाठीची ती कोंबडी काही दिवस रंगपंचमीहून आल्यासारखी दिसे. तिला घरात न ठेवता मांडवातच जाळीच्या आड ठेवली, कारण कळपाच्या नजरेआड पंधरा दिवस गेलेली कोंबडी परत आली की पुन्हा परकी ठरते आणि तिला पहिल्यापासून मार खावा लागतो. याच नियमाचा उलटा उपयोग बुटकीवर केला. तिला पाच दिवस एकटीला न्हाणीमागे ठेवले, पुढ्यात पातेरा, दाणे, सगळे देऊन. सहाव्या दिवशी ती परत आली तेव्हा तिची जागा गेलेली होती. मागे गेलेल्या काळीने तिला दोन दिल्या, आणि काल-परवाच्या गिरिराज तलंगांपैकी थोरलीनेही एक दिली. बुटकी चार दिवस गप्प होती. सौ. म्हणाली की मला तिची दया येते. मलाही आली, पण शेवंताच्या पाठीकडे पाहिले की ती आवरती घेता येई.

रविवारी मामा ठरल्याप्रमाणे आले. मसाला वाटलेला नव्हता. आईने त्यांना मांडवाशी नेले, वही दाखवली, आणि आक्काच्या नावापुढचा प्रत्येक ‘डो’ वाचून दाखवला. मामा म्हणाले, “बरं, मग ती बुटकी?” त्यावर आईने त्यांना जो एक कटाक्ष दिला, तो आक्कालाही जमला नसता. त्या दिवशी मामांना अंड्याचे कालवण वाढले. ते त्यांनी दोनदा मागून घेतले आणि अंडी कुणाची हे विचारले नाही.

सगळे गोड झाले असे मात्र नाही. आक्का अजून पहिली आहे आणि शेवंता अजून शेवटची. दाण्याला शेवंता अजूनही मागे थांबते, आणि आक्का जवळून गेली की दरवाजाच्या आडोशाला जाते. मी पाहतो आणि माझा हात उगीचच शिवशिवतो. बुटकी एखाद्या दुपारी, पातेरा ओला झाला की, कुणाच्या तरी मागे जाऊन उभी राहते. अशा वेळी आई आतून मूठभर नाचणी घेऊन येते आणि काही न बोलता तिच्या पायाशी टाकते. श्रावणात उघडीप पडली, परसू वाळले, तसे हे प्रसंगही कमी झाले. आता आश्विनात मोठ्यांची पिसे झडायला लागली आहेत. दिवस लहान होऊ लागला की तसे व्हायचेच. पण नव्या पिसांच्या कोंबांत रक्त असते, ते मोडले की तांबडा ठिपका दिसतो, आणि म्हणून डॉक्टरीणबाईंनी या दिवसांत डोळ्यांत तेल घालून राहायला सांगितले आहे. जेन्शन व्हायोलेटची बाटली कोनाड्यात निरांजनाशेजारी येऊन बसली आहे.

शेवंताची पाठ भरली. मधोमध रुपयाएवढी एक जागा अजून उघडी आहे. तिथे टाचणीच्या डोक्याएवढी निळसर टोके दिसू लागली आहेत. धाकटी रोज ती मोजते. काल अकरा होती.